लाकडी पेनाची आंघोळ

आमच्या घरी दर रविवारी सकाळी पेनांची सभा भरत असे. मेहकरला तेव्हा वीज जेमतेम आली होती, पण पेनांचं मंडळ होतं. मंडळाला नाव नव्हतं, कारण नाव काय द्यावं यावर एकमत झालं नव्हतं. अध्यक्ष मात्र होते. आपल्याकडे कोणत्याही मंडळात आधी अध्यक्ष होतो आणि मग मंडळ कशाचं ते ठरतं.

अध्यक्ष म्हणजे वकीलसाहेब. त्यांच्याकडे शहरातली सगळ्यात जास्त पेनं होती आणि ती ठेवायला मखमलीची पेटी होती. दुसरे पंचायत समितीतले एक साहेब. राज्य नवीन होतं, समित्या त्याहून नवीन, त्यामुळे सह्या करायला माणसं कमी पडत होती; तशात हे पुण्याकडून आमच्याकडे बदलून आले होते आणि आमची भाषा ऐकून दर वेळी नव्याने हसत. तिसरा बाजारातला वह्या-पुस्तकांचा दुकानदार, ज्याच्या दुकानातून ही पेनं येत. चौथे माझे वडील, एका शाळेचे हेडमास्तर. बैठक आमची, सतरंजी आमची, चहा आणि पोहे आमचे. आई लहानपणीच गेलेली, म्हणून चहा आणि पोहे म्हणजे मी.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि वाचनालयातली कपाटं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाचत चालले होते. त्यामुळे दाराच्या आड उभं राहून मंडळाचं कामकाज ऐकताना मला एक गोष्ट लवकर लक्षात आली. या चार माणसांकडे मिळून जितकी पेनं होती, तितकी वाक्यं त्यांनी आयुष्यात लिहिली नव्हती. नवीन पेन आलं की ते फक्त सही करत. वकीलसाहेबांची सही इतकी मोठी होती की तिला एक कागद कमी पडायचा.

पण नवीन पेन आलं की सही शेवटी. आधी अभिप्राय. पेन हातोहात फिरे, आणि प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे. पकड कशी आहे, तोल कसा आहे, खिशाला लावून कसं दिसतं. शाई भरण्याच्या आधीच. मी एकदा बाबांना विचारलं होतं, "लिहून पाहिल्याशिवाय पेन चांगलं आहे हे कळतं कसं?" बाबा म्हणाले, "जाणकाराले कळते." त्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही.

अभिप्राय झाले की पेनाला आंघोळ. यात मुळात अर्थ होता. कारखान्यातून आलेल्या निबेला तेल लागलेलं असतं, ते कोमट पाण्याने निघून जातं आणि शाई नीट उतरते. पण वकीलसाहेबांनी त्याचा संस्कार केला होता. पितळी तांब्यात कोमट पाणी घ्यायचं, टोपण वेगळं करायचं, आणि सगळं पेन, निबेपासून बुडापर्यंत, आत सोडायचं. गप्पा, पोहे, चहा होईपर्यंत ते आत. मग कठड्यावर उन्हात वाळवायचं. मग शाई, मग सही, मग टाळ्या. रबराची आणि प्लास्टिकची पेनं हे सगळं निमूटपणे सोसत, कारण त्यांना काही होत नाही.

आता दादाबद्दल सांगायला हवं. माझा थोरला भाऊ. मॅट्रिक झाला, आणि सुट्टीत जानेफळला काकांकडे जातो म्हणून गेला तो तिथेच रमला. काका सुतार. तसे आम्ही सगळेच सुतार. आजोबा वखर, तिफण असली शेतीची औजारं आणि गाडीची चाकं करत. बाबा तिथून शिकून बाहेर पडले, मास्तर झाले, हेडमास्तर झाले, आणि मेहकरला आल्यापासून त्या शब्दाचं नाव त्यांनी बैठकीत काढलं नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं. बाबा असे वागत की कुणालाच माहीत नाही. मंडळ असं वागे की बाबांनी विसरायला सांगितलं आहे आणि आपण मोठ्या मनाने विसरलो आहोत. बैठकीत बाबा पुण्याच्या पुस्तकातलं बोलत, "मला वाटतं", "आपण म्हणता ते खरं". चहा सांगायला आत आले की "पोहे झाले का वं" म्हणत. दोन खोल्यांमध्ये फक्त एक उंबरा होता.

काकांकडे खराद होता, म्हणजे लाकूड गरगर फिरवून गोल कातायचं यंत्र. त्यावर बाजेचे खूर, पाळण्याचे खांब, लाटणी असलं काम चाले. दादाने त्याच खरादावर एक पेन केलं. शिसवाचं.

ते घेऊन तो चैत्राच्या अखेरीस एका संध्याकाळी घरी आला. आत रबराची नळी बसवली होती, एका मोडक्या पेनातून काढलेली, म्हणजे शाई लाकडाला लागू नये. बाहेरून लाख लावून घासून असं चकचकीत केलं होतं की त्यात दिव्याची वात दिसत होती. टोपण फिरवून बंद झालं की सांधा कुठे आहे ते बोटाला कळत नव्हतं. त्याने ते बाबांच्या हातात दिलं.

बाबांनी ते चष्मा लावून पाहिलं, आणि मग चष्मा काढून पाहिलं. त्यांचा अंगठा लाकडावरून एकदा खालून वर गेला, एकदा वरून खाली आला. रेघ कुठे चालली आहे ते पाहणारा अंगठा. हेडमास्तर होऊन इतकी वर्षं झाली तरी तो अंगठा शाळेत गेला नव्हता.

"शिसम?"

"हाव, बाबा. काकाकडचा जुना तुकडा. पुरा वाळलेला."

"हं," बाबा म्हणाले. "बरं आहे."

दादाला हवं ते त्याने सांगितलं. मेहकरला एक खोली, त्यात खराद, आणि पेनं करायची. दुकानदार नेहमी म्हणे, मंडळानं पसंत केलेलं पेन मी दुकानात ठेवतो. मंडळाच्या साहेबलोकांच्या खिशात दिसलं की बाकीचे आपोआप घेतील.

बाबांनी दुसरंच ठरवलं होतं. समितीत कारकुनाची जागा निघणार होती आणि साहेबांनी शब्द दिला होता. दोघांचं बराच वेळ चाललं. मी मधे बोलले तर दोघंही माझ्यावर ओरडले, म्हणून मी भाकऱ्या थापत राहिले.

शेवटी बाबा म्हणाले, "ठीक आहे. मंडळाले दाखवतो. त्याईनं म्हनलं का हे पेन आहे, तं तू खराद मांड. नाही म्हनलं, तं समितीत जायाचं. मंग तोंडातून शब्द काढाचा नाही."

"पक्कं?"

"पक्कं. पन कोनं केलं थे मी सांगनार नाही. नाही तं माह्या तोंडाकडे पाहून वाहवा करतीन."

ते ऐकायला न्यायाचं वाटत होतं. दादा लगेच कबूल झाला. जाताना एवढंच म्हणाला, "एक फक्त सांगजा त्याईले. धुवाचं असन तं निब काढून धुवा म्हना. लाकडाले पानी लावू नका."

बाबा चिडले. "लाकडाले पानी लागलं का काय होते थे तू मले शिकवून राह्यला का? तुह्या जन्माच्या आंधी मी चाकं बसवत होतो."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढे जे झालं त्यात हे वाक्य कुणीही विसरू नये म्हणून लिहून ठेवते.

रविवार आला. वैशाख होता. दादा जानेफळहून दुपारच्या गाडीने यायचा होता, निकाल ऐकायला. सकाळी मंडळ जमलं. बाबांनी पेन रुमालातून काढून सतरंजीच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाले, "हे एक माझ्याकडे आलं आहे. आपण पाहावं."

मी दारात होते. आधी कुणी बोललंच नाही, आणि मंडळात हे दुर्मीळ होतं. मग वकीलसाहेबांनी ते उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"चंदनाचा भास होतो," ते म्हणाले.

शिसवाला चंदनाचा वास येत असता तर जानेफळचा काका आज राजा असता. पण पुढे त्यांनी बरोबर सांगितलं. म्हणाले, तोल सोनाराच्या तराजूसारखा आहे, हातात नुसतं ठेवलं तरी लिहावंसं वाटतं. वकीलसाहेबांना लिहावंसं वाटलं, यापेक्षा मोठी पावती कुठल्याही पेनाला मिळाली नसेल.

समितीच्या साहेबांनी ते कानाशी धरून हलवलं. का, ते देवाला ठाऊक. "अहो हेडमास्तर," ते म्हणाले, "हे पेन नाहीच. हे अरण्य आहे. हातात घेतलं की माणूस अंतर्मुख होतो."

"माल एक नंबर हाय साहेब," दुकानदार म्हणाला. त्याने टोपण फिरवून चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं. "फिटिंग पाहा. आपल्या इकडचं नाही हे."

"छे, छे," वकीलसाहेब म्हणाले. "म्हैसूरकडचं. पाहताक्षणी कळतं. त्या लोकांचा हातच निराळा."

"आपल्याकडे हे व्हायचं नाही," साहेब म्हणाले. "आपल्याकडे लाकूड म्हणजे वखराचं दांडकं. फार तर लाटणं."

सगळे हसले. बाबाही हसले. मोठ्याने नाही, पण हसले. ते वखर त्यांच्या वडिलांनी केलेले होते, त्यातले काही अजून कुठेतरी शेतात चालत असतील, आणि माझे वडील सतरंजीवर बसून त्या दांडक्याला हसले. मला तेव्हाच राग आला होता. पण पोटात आनंदही होता, म्हणून राग मागे ठेवला. तीन माणसांनी पेन पसंत केलं होतं, आणि तेही कुणाच्या तोंडाकडे न पाहता. आता फक्त सही व्हायची होती. दादा गाडीतून उतरला की त्याला हे "अरण्य" आणि "अंतर्मुख" कसं सांगायचं याची मी मनात तयारी करत पोहे परतायला आत गेले.

ताटल्या घेऊन परत आले तेव्हा सतरंजीच्या मधोमध पितळी तांब्या होता. त्यातून वाफ येत होती. पेन सतरंजीवर नव्हतं.

पाणी बैठकीतल्या स्टोव्हवर तापवलं होतं. चहाचा स्टोव्ह त्या दिवशी बैठकीत ठेवायची कल्पना माझीच, साहेबांना गरम चहा लागतो म्हणून. मी तांब्यात पाहिलं. तळाशी पेन आडवं पडलं होतं, टोपण वेगळं, आणि लाकडातून बारीक बुडबुडे वर येत होते.

"अहो, लाकूड आहे ते!" मी म्हणाले.

वकीलसाहेब माझ्याकडे पाहून हसले, जसं वाट चुकलेल्या पाहुण्याकडे पाहून हसतात. "बाईसाहेब, म्हैसूरवाल्यांना तेवढं कळत असेल ना? पक्कं रोगण असतं त्यांचं."

मी बाबांकडे वळले. "बाबा, सांगा ना तुम्ही."

बाबा तांब्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, त्यावर गोंधळ नव्हता. गोंधळ असता तर मी आज हे लिहीत नसते.

"मंडळाची पद्धत आहे," ते म्हणाले.

मी ताटल्या खाली ठेवल्या आणि तांब्यात हात घातला. पाणी कोमट नव्हतं, चांगलं कढत होतं. पेन बाहेर काढलं. लाखेची चकाकी गेली होती, जागोजाग साय धरल्यासारखा पांढरा पापुद्रा आला होता. बाबा उठले. त्यांनी माझ्या हातातून ते घेतलं, हळूच, ओढाताण न करता, आणि पुन्हा तांब्यात सोडलं.

"तू आत जा," ते म्हणाले. "साहेबांना पोहे दे आणि आत जा."

मी पोहे दिले नाहीत, पण आत गेले. रागाच्या भरात बायका भांडी आपटतात असं कादंबऱ्यांत असतं. आमची भांडी पितळेची होती, आपटून त्यांना काही होत नसे आणि शेजारी मात्र विचारपूस करायला येत. म्हणून मी नुसती उभी राहिले. बाहेर चहा झाला. वकीलसाहेबांनी पितळेच्या निबेबद्दल एक गोष्ट सांगितली, जी मी आधी ऐकली होती. मग चपला सरकवल्याचा आवाज आला आणि सगळे ओट्यावर गेले, पेन वाळवायला.

वैशाखातला मेहकरचा दगड. त्यावर बाजरी टाकली तरी लाह्या होतील. त्या कठड्यावर त्यांनी भिजलेलं शिसव ठेवलं आणि सावलीत उभं राहून गप्पा मारू लागले. मी खिडकीतून पाहत होते. थोड्या वेळाने फुटाणा फुटल्यासारखा आवाज आला. बारीकच होता. गप्पा थांबल्या.

"गेलं," दुकानदार म्हणाला.

टोपण बुडापासून तोंडापर्यंत उभं चिरलं होतं. पेनालाही एक भेग गेली होती आणि तिच्यातून आतली काळी नळी दिसत होती.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता हा माणूस निदान म्हणेल, अरेरे. त्यांनी भाषण केलं. लाकूड हे पेनाचं माध्यमच नव्हे, असं त्याचं सार होतं. दिसायला देखणं, पण संस्कार सोसत नाही. जे आंघोळ सोसत नाही ते शाई काय सोसणार? समितीच्या साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "शोभेची वस्तू म्हणून ठीक. दिवाणखान्यात ठेवावी." दुकानदार म्हणाला, "गिऱ्हाइकाले असा माल देता येत नाही साहेब. दुसऱ्या दिवशी आणून तोंडावर फेकन." मग वकीलसाहेबांनी विचारलं, "हेडमास्तर, तुमचं मत?"

"मंडळाचं तेच माझं," बाबा म्हणाले.

तेव्हा मी बाहेर आले. डोक्यावरचा पदर पडला होता, तो तसाच राहू दिला.

"हे म्हैसूरचं नाही," मी म्हणाले. "हे माझ्या भावानं केलं आहे. जानेफळला, काकांच्या खरादावर."

 मग वकीलसाहेब म्हणाले, "तरीच!"

मी पुष्कळ शिव्या ऐकल्या आहेत. शाळेच्या मागेच गुरांचा बाजार भरत असे. पण त्या एका शब्दाइतकी घाणेरडी शिवी मी ऐकलेली नाही.

"तरीच," ते पुढे म्हणाले, "मला हाताला जरा बोजड लागलं होतं." सोनाराचा तराजू तेवढ्यात बोजड झाला. समितीचे साहेब म्हणाले की त्यांनाही घडणीत काहीतरी कमी वाटत होतं, पण नेमकं काय ते सांगता येत नव्हतं. दुकानदाराला टोपण पहिल्यापासूनच ढिलं वाटत होतं. एका घटकेपूर्वी याच तोंडांनी हेच पेन अरण्य होतं. मी एकेकाला त्याचं आधीचं वाक्य परत सांगितलं, शब्द न शब्द. शिकवणाऱ्या बाईची ती सवय असते. त्यावर साहेब बाबांना म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो," आणि मग आवाज खाली आणून, "मनाला लावून घेऊ नका. जागा आहेच. उद्या पाठवून द्या त्याला."

"पाठवतो," बाबा म्हणाले.

दादा आला तेव्हा मंडळ पांगलं होतं. पेन अजून कठड्यावर होतं, मी मुद्दाम उचललं नव्हतं. त्याने ते हातात घेतलं, पालथं केलं, भेगेला नख लावलं आणि नखाला लागलेली पांढरी लाख पाहिली.

"पान्यात टाकलं."

"हो," मी म्हणाले. "ऊन पाण्यात. पहिले म्हणे म्हैसूरचं आहे, अरण्य आहे, तराजू आहे. मग बुडवलं, मग उन्हात भाजलं."

"बाबा नव्हते का घरी?"

 बाबा दारातच उभे होते. दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. त्याच्या तोंडावर राग येईल म्हणून मी वाट पाहत होते, कारण एकटीने रागावून मी थकले होते. पण तो आला नाही. दादा पेन खिशात घालून हातपाय धुवायला गेला.

जेवणं झाल्यावर मी बाबांना धरलं. "तुम्हाला माहीत होतं."

"हाव," ते म्हणाले. घरातल्या भाषेत. "मालूम होतं."

"मग काऊन?"

त्यांनी सुपारी कातरायला घेतली होती ती खाली ठेवली. "तू आबाले, माह्या बापाले, पाह्यलं नाही. मी पाह्यलं. सालभर लोकायचे वखर नीट करून द्यायचे, अन् सुगीत त्यायच्या खळ्यावर जाऊन उभं राहायचं. सगळ्यायचं माप झाल्यावर शेवटी आपले सूपभर दाने. हा वकील आहे ना, याच्या बापाच्या खळ्यावर मी आबाच्या मांगं उभा होतो. वकील तवा माह्याएवढाच होता. ढिगावर बसून खेळत होता. आज थो माह्या सतरंजीवर येऊन बसते. माहा पोरगा पुन्हा त्याच्या खळ्यावर नाही जानार."

हे खरं होतं. मी ते आज पूर्ण मांडते, कारण न मांडणं लबाडी होईल. पण मी तेव्हा जे म्हणाले तेही खरं होतं.

"तो खळ्यावर जाणार नव्हता. तो दुकानात पेन मांडणार होता, आणि तुमचा वकील ते विकत घ्यायला येणार होता. तुम्हाला नकोच होतं तर तोंडाने नाही म्हणायचं. पक्कं कशाला म्हणालात? पेनाला पाण्यात का घातलंत?"

बाबांनी सुपारी पुन्हा हातात घेतली.

सोमवारी सकाळी दादा धुतलेला सदरा घालून समितीत निघाला. मी त्याला अंगणात अडवलं. "तू कसा काय जातोस? हा निकाल झाला का?"

"शब्द देल्ला होता, बाई."

"त्यांनी पाळला का?"

"त्याईनं नाही पाळला, मंग म्याही नाही पाळाचा का?" तो चप्पल घालत म्हणाला. "अन् पाह्य, बाबाले लाकूड समजते. माह्यापेक्षा चांगलं समजते. थ्यो मानूस स्वताच्या हातानं थे पान्यात टाकते, म्हंजे त्याले किती नको असन. मंडळाचं मले काही नाही. थे गाढवं आहेत."

आठवडाभर तो गेला आणि आला. घरी तो बोलत असे, पण खरादाचं नाव काढत नसे, आणि शनिवारी काम संपल्यावर जानेफळला गेला, काकांना सांगायला की खराद कुणाला हवा असेल तर देऊन टाका.

रविवारी मंडळ आलं. मी चहा ठेवला नाही. बैठकीत खुर्ची घेऊन बसले आणि मुलींच्या वह्या तपासायला लागले. साहेब सतरंजीवर, मी खुर्चीवर, असं आमच्या घरात आधी झालं नव्हतं.

"बाईसाहेब, चहाचं पाहता का?" वकीलसाहेब म्हणाले.

"बाबांना तुम्हाला काही सांगायचं आहे," मी म्हणाले. "ते झालं की पाहते."

बाबांना काही सांगायचं नव्हतं. मंडळाला खरं काय ते सांगा, असं मी सकाळपासून म्हणत होते आणि ते ऐकत नव्हते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेतला कुठलाही मुलगा उठून बाहेर गेला असता. मी वह्या तपासत राहिले. सगळे वाट पाहत होते. कुणीतरी खोकलं.

मग बाबा म्हणाले, आणि बैठकीत पहिल्यांदाच घरच्या भाषेत म्हणाले, "त्या पेनाचं. मले मालूम होतं पान्यात टाकलं का फुटते. मी सुताराचा पोरगा आहे. पोरानं मले सांगतलंही होतं. मी बोललो नाही. पेनात काही खोट नव्हती."

मी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता या खोलीत काहीतरी होईल.

वकीलसाहेब गडगडाटी हसले. "वा, हेडमास्तर! मुलाचा दोष पोटात घालायचा तर असा. याला म्हणतात बाप!"

"आणि भाषा काय लावली आहे," समितीचे साहेब म्हणाले. "अस्सल! आता वाचनालयाच्या कार्यक्रमात हीच लावा, हसून हसून पुरेवाट होईल."

बाबांनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. "नाही हो. खरंच मले..."

"कळलं, कळलं," वकीलसाहेब त्यांच्या गुडघ्यावर थाप मारत म्हणाले. "आम्ही काय परके आहोत? विषय संपला. हां, आता हे पाहा, नवीन काय आलंय."

आणि त्यांनी खिशातून एक हिरवं पेन काढलं. बाबांनी आयुष्यातली सगळ्यात महाग गोष्ट त्या सतरंजीवर ठेवली होती, आणि यांनी ती पायाने बाजूला सारून तिथे हिरवं पेन ठेवलं. माझा राग इतके दिवस बाबांवर होता. त्या क्षणी तो सगळ्यांना पुरेना झाला.

बाबा उठले. खुंटीवरची टोपी घेतली, छत्री घेतली. "तुमी बसा," ते म्हणाले आणि निघाले. मंडळाला वाटलं, साखर आणायला गेले. मी त्यांना तसंच वाटू दिलं. चहाविना त्यांनी हिरव्या पेनाचे अभिप्राय दिले आणि मग कंटाळून गेले.

बाबा जानेफळच्या गाडीने गेले होते. काकांनी नंतर सांगितलं की खराद सुटा करून अंगणात ठेवलेला होता आणि लाटणी करणारा एक जण बैलगाडी घेऊन त्यासाठी आला होता. बाबांनी अंगातला कोट काढला, खरादाचा एक खांब स्वतः उचलला आणि पुन्हा छपरीत नेऊन ठेवला. गाडीवाला काही म्हणाला, त्याला म्हणाले, "हेडमास्तरचा पोरगा सुतार आहे. त्याले लागते." हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारचे बाहेर आले.

दादा समितीत परत गेला नाही. जानेफळलाच राहिला. लोक ही गोष्ट ऐकली की इथे थांबतात आणि म्हणतात, चला, शेवट गोड झाला. मला त्या लोकांचाही राग येतो.

कारण त्याने पुन्हा पेन केलं नाही. बाजेचे खूर केले, पाळण्याचे खांब केले, दाराच्या चौकटी केल्या, सगळं चांगलं केलं. बाबांनी सांगितलं, एक कर, फक्त माझ्यासाठी. मी सांगितलं. शिसवाचा तुकडा छपरीत होता. तो हसायचा आणि दुसरं काही करायला घ्यायचा. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा खराद थांबवून म्हणाला, "बाई, बाजेवर मानूस झोपते. पाळण्यात लेकरू झोपते. कोनी त्याच्यावर भाषन देत नाही. मले हेच बरं."

बाबा जे वाक्य जानेफळच्या अंगणात बोलले ते त्यांना आठ दिवस आधी आमच्या बैठकीत बोलता आलं असतं. सगळं बोलायचीही गरज नव्हती. तांब्याकडे पाहत नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते वाक्य नंतर त्यांनी पुष्कळदा म्हटलं, वकिलासमोर म्हटलं, शाळेत म्हटलं, भेटायला आलेल्या पाहुण्यांनाही सांगितलं. दर वेळी मी आत स्वयंपाकघरात असे, आणि दर वेळी माझे कान रागाने तापत.